आमची वाटचाल: कोड खरा, पण दोष कुणाचा?

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. हात बसलेला पेट्रोल इंजिनावर, इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करता करता शिकलो. मोटरला करंट देणाऱ्या तीन तारा म्हणजे यू, व्ही आणि डब्ल्यू फेज; स्कॅनरवर त्यांतला करंट मोजणाऱ्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला की सेन्सर बदलायचा, एवढंच तेव्हा ठाऊक होतं.

एका गाडीने ही सवय मोडली. हळू निघताना ती हिसके द्यायची, वेग घेतला की सुरळीत. कोड व्ही फेजचा. सेन्सर बदलून गाडी दिली, आठ दिवसांत ती तोच कोड घेऊन परत आली. ग्राहक चिडले नाहीत. ‘मग आधीचा खराब होता का?’ एवढंच विचारलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट मोजमाप केलं. मोठ्या बॅटरीचा पुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरल्याची मीटरवर खात्री केली, मग फक्त १२ व्होल्टचा पुरवठा चालू केला. मोटरमध्ये करंट शून्य, म्हणजे चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणाऱ्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या या हॉल सेन्सरचा सिग्नल पुरवठा आणि ग्राउंडच्या बरोबर मध्ये, २.५ व्होल्ट हवा. यू आणि डब्ल्यूवर तेवढाच होता. व्हीवर २.६१. सेन्सरची ग्राउंड पिन आणि मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचं ग्राउंड यांच्यात शून्य हवं, तिथे ०.२२ व्होल्ट मिळाले. सिग्नल त्याच्या निम्म्याने वर सरकला होता, हिशेब चोख जुळला! कनेक्टर उघडला तर पिनवर हिरवट थर. कंट्रोलरला नसलेला करंट दिसत होता, म्हणून तो टॉर्क (फिरवण्याचा जोर) चुकीचा देत होता.

पिन बदलली, सेन्सरचे पैसे परत केले. आमच्या कामाला खरी सुरुवात तिथूनच झाली, असं मी मानतो.

आज आम्ही सहा जण आहोत. शून्याचं रीडिंग, पुरवठा, ग्राउंड, हार्नेस (वायरचा जुडगा) हलवून पाहणं, हे झाल्याशिवाय कुणी सुटा भाग मागवत नाही. गाडी चालवून तिन्ही फेजचे करंट नोंदवतो. त्यांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य यायला हवी, पण तिसरा करंट कंट्रोलर गणिताने काढत असेल तर ती बेरीज काहीच सांगत नाही. तिथे तारेभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून पडताळतो. वेळ जातो, पण तो आम्ही देतो.

तो काढलेला सेन्सर टेबलावरच असतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच मोजायला देतो. रीडिंग येतं २.५०.