पाइन टारचा साबण, गोव्याच्या उकाड्यात

खोबरेलाचा साबण मी घरी करतेच. आमच्या डिचोलीत घाण्यावरचं तेल सहज मिळतं, आणि कॉस्टिक सोड्याची धास्ती एकदा गेली की बाकीचं काम लाडू वळण्यापेक्षा अवघड नाही. पाइन टारचा साबण करायचं डोक्यात घातलं ते मामाने. मामा तारवटी, उभा जन्म बोटीवर गेला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून तो काळपट, धुराच्या वासाचा एक साबण आणायचा, आणि आता तो संपल्यावर "तुला जमेल गो तसला" म्हणून माझ्या मागे लागला.

आधी हे टार म्हणजे काय ते सांगते, कारण मी डबा मागवला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "अंगाला डांबर लावणार?" रस्त्याचं डांबर खनिज तेलातून येतं, कोल टार दगडी कोळशातून. पाइन टारचा या दोघांशी संबंध नाही. पाइनची, म्हणजे आपल्याकडच्या चिडाच्या जातकुळीतल्या झाडांची, राळेने भरलेली मुळं आणि बुंधे भट्टीत घालून हवा जवळजवळ कोंडतात. लाकूड धड पेटत नाही, नुसतं तापत राहतं आणि त्यातून तपकिरी काळा दाट द्रव पाझरतो. स्वीडन आणि फिनलंडचा हा जुना धंदा. शिडाच्या जहाजांचे दोर आणि लाकूड पाण्यात कुजू नये म्हणून सगळ्या युरोपला हे टार लागायचं. स्वीडनने तर १६४८ मध्ये त्याच्या निर्यातीचा मक्ता एकाच कंपनीला देऊन टाकला होता. 'स्टॉकहोम टार' हे नाव तेव्हाच्या त्या व्यापारातलं. आज ते मुख्यतः घोड्यांच्या खुरांना लावायला विकतात, आणि मलाही ऑनलाइन मिळालं ते घोड्यांच्या सामानातच. घेताना एवढंच बघायचं की डब्यात निव्वळ भट्टीचं पाइन टार आहे, टर्पेंटाइन किंवा दुसरं काही घालून पातळ केलेलं नाही.

डबा उघडला तेव्हा मामा शेजारीच होता. झाकण निघायच्या आत म्हणाला, "हो वास म्हाका खबर आसा गो," म्हणजे हा वास मला ठाऊक आहे. मग अर्धा तास दोरखंडांच्या गोष्टी.

इथे एक सांगून ठेवते. आपल्याकडे लाकडी होड्यांना काजूबियांच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. ते ऐकून शेजारच्या काकींनी सुचवलं, "मग परदेशी टार कशाला, आपलंच तेल घाल की!" चुकूनही घालू नका. काजूच्या टरफलात बिब्ब्यासारखीच कातडी जाळणारी द्रव्यं असतात. बिया भाजताना ज्यांचे हात सोलवटलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. होडीला चालतं ते सगळं अंगाला चालत नाही.

आता मापं. एकूण ५०० ग्रॅम धरून: खोबरेल १५०, ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) २५०, एरंडेल २५, भिरंडेल २५ आणि पाइन टार ५०. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. पायांच्या भेगांना लावायला जे गोळे मिळतात तेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते हमखास सापडतं. नसलं तर ऑलिव्ह तेवढं वाढवा, पण मग कॉस्टिकचा हिशेब पुन्हा करा. साबणातलं प्रत्येक तेल आपापल्या मापाने कॉस्टिक खातं. खोबरेल सगळ्यात जास्त, ऑलिव्ह आणि भिरंडेल साधारण सारखंच, टार अगदीच कमी. वरच्या मापाला पाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असं धरून ६६ ग्रॅम कॉस्टिक येतं, आणि पाणी मी १४० ग्रॅम घेते. वजनकाटा ग्रॅमचा हवा. वाटी-चमच्याच्या मापाने हे काम करायचं नाही. कॉस्टिकही शुद्ध हवं, म्हणजे केमिकलच्या दुकानातलं. मोरी साफ करायच्या पुड्यांत इतर काय काय मिसळलेलं असतं.

खोबरेलाच्या साबणात कॉस्टिकचं पाणी ओतलं की माझ्याकडे भरपूर वेळ असतो. ढवळा, मध्येच दार उघडून या, सुगंध कुठला घालायचा ते ठरवा. पाइन टार असलं की ही चैन नाही. त्याच्यात राळेतली आम्लं मोकळीच असतात. तेलाचा साबण व्हायला आधी तेल फुटावं लागतं. या आम्लांना त्याचीही गरज नाही, कॉस्टिक भेटलं की तिथल्या तिथे त्यांचा साबण होतो. तो झालेला साबण मग तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून टाकतो आणि सगळं मिश्रण एकदम वेग घेतं, म्हणजे झपाट्याने घट्ट होत जातं. लवंगेचं तेल घालून साबण केलेल्यांनी हा प्रकार पाहिला असेल. टारचा वेग त्याहून अंमळ जास्तच. त्यातून आपली हवा. तेल जितकं गरम तितकी घाई अधिक, आणि एप्रिलमध्ये आमच्या ओट्यावर ठेवलेलं तेल काहीही न करता कोमटच असतं.

म्हणून सगळी तयारी आधी. खोका आतून बटर पेपर लावून ओट्यावर, उलथणं हाताशी, मुलं आणि मांजर बाहेर, फोन दुसऱ्या खोलीत. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचा टोप नको. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. पाण्यात पडताच ते उकळीच्या जवळ जातं आणि नाकाला झोंबणारी वाफ सुटते, तेव्हा हे खिडकीशी उभं राहून. हातावर उडालंच तर धावत्या पाण्याखाली हात धरायचा, व्हिनेगर शोधत बसायचं नाही.

ते भांडं मी बर्फ घातलेल्या परातीत ठेवते आणि हाताला बाहेरून गार लागेपर्यंत वाट बघते. थर्मामीटर असेल तर ३० ते ३५ अंशांच्या मध्ये. तेलंही तशीच: भिरंडेल खोबरेलात घालून मंद आचेवर विरघळवायचं, मग बाकीची तेलं मिसळून निवू द्यायचं. टारचा डबा गरम पाण्यात बसवला की टार धारेने पडतं. ते तेलात पडून तळाशी जाऊन चिकटतं, तेव्हा उलथण्याने तळ खरवडत सगळं एकरंगी होईपर्यंत ढवळायचं. हे काम घाईचं नाही, इथे हवा तितका वेळ घ्या. बोटांना टार लागलं तर पाण्याने निघत नाही. थोडं खोबरेल चोळा, मग साबणाने धुवा.

आणि मग ओतायचं. हँड ब्लेंडर कपाटातच राहू दे. कॉस्टिकचं पाणी एकदमच तेलात ओतलं आणि उलथण्याने ढवळायला लागले. थोडा वेळ नुसतं कॉफीच्या रंगाचं पाणी. मग कडेने दाणे दिसू लागले, जणू फाटलंच. इथे घाबरून थांबायचं नाही, ढवळत राहायचं. बघता बघता दाणे विरले, रंग गडद झाला, उलथण्याला जोर लागू लागला, आणि मिश्रण दोदोलासारखं, म्हणजे आमच्या गूळ-नारळाच्या मिठाईसारखं, तुकतुकीत होऊन भांड्याची कड सोडायला लागलं. त्या क्षणी ढवळणं बंद. पुढचं सगळं खोक्यात. ओतायचं म्हणून ते पडत नाही, थापावं लागतं. कोपऱ्यांत उलथण्याने दाबून भरलं, खोका ओट्यावर दणादण आपटला की आतली हवा निघते. वरून सुबक नक्षी वगैरे विसरा. हा साबण दिसायला ओबडधोबडच होतो आणि मला तो तसाच आवडतो.

थंड मुलखातले लोक साबणाचा खोका घोंगडीत गुंडाळून ठेवतात म्हणे. आपल्याला पंखा लावावा लागतो. साबण होताना स्वतःच तापतो, त्यात आपला उकाडा; झाकून ठेवला तर मध्ये फुगून तडकू शकतो. दुसऱ्या दिवशी खोका सोडला आणि सहा-सात वड्या पाडल्या. आत अगदी चॉकलेटी, कापताना सुरी थोडी चिकटते.

वड्या पाडून झाल्या म्हणजे साबण झाला असं नाही. कॉस्टिकचं काम दोन-तीन दिवसांत आटपतं. ओलं बोट वडीवर फिरवून जिभेला टेकवलं आणि झिणझिणलं नाही, की समजायचं कॉस्टिक संपलं. पण पाणी उडून वडी कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि हा हिशेब कोरड्या हवेचा. आमच्याकडे पावसाळ्यात साबण वाळत नाही, उलट घामेजतो. साबणातलं ग्लिसरिन हवेतली ओल ओढून घेतं आणि सकाळी वडीवर थेंब उभे असतात. म्हणून मी हे सगळं दिवाळी ते शिमगा यांच्या मधल्या दिवसांत करते. बांबूच्या सुपात, वड्यांत बोटभर अंतर ठेवून, उन्हाबाहेर. लोखंडी जाळी नको, गंजामुळे तेल लवकर खवट होतं. एका वडीचं वजन दर आठवड्याला पेनाने सुपाच्या कडेला लिहून ठेवते. ते उतरायचं थांबलं की वड्या तयार. कॅलेंडरपेक्षा मला काट्याचं जास्त पटतं.

वाळता वाळता वासही बदलतो. पहिल्या आठवड्यात घरभर धूर झाल्यासारखं वाटतं, आई अगरबत्ती लावायची. नंतर तो मऊ होतो आणि अंगावर तर आंघोळीनंतर फार वेळ टिकतही नाही. फेस तपकिरी येतो, पण टॉवेलला डाग पडत नाही. इतर साबणांबरोबर मात्र एका डब्यात ठेवू नका, चंदनाच्या वड्यांनाही हाच वास धरतो.

औषधाबद्दल विचारतात. टारचे साबण कोंडा, खाज, सोरायसिस यांच्यासाठी पूर्वापार वापरले गेलेत, हे खरं. पण माझ्या स्वयंपाकघरात होतो तो साबण. आंघोळीला चांगला, कातडीला काही झालं असेल तर डॉक्टरला दाखवायचं. नवीन माणसाला मी आधी मनगटाच्या आत थोडा फेस लावून एक दिवस थांबायला सांगते. काहींच्या कातडीला राळ सोसत नाही. अगदी लहान मुलांसाठी हा साबण मी देतच नाही.

"जत्रेत स्टॉल लाव" असंही ऐकवून झालं. आपल्याकडे अंगाचा साबण करून विकायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम त्याला लागू आहेत. तेवढी यातायात सध्या नको. घरात, मामाकडे आणि वहिनीच्या माहेरी एवढीच वाटणी होते.

मामाला वास अजून थोडा जास्त हवाय. टार १५ टक्क्यांवर नेता येतं, पण मग वेळ आणखी कमी. तेव्हा पुढच्या खेपेला खोबरेल थोडं कमी करून ऑलिव्ह वाढवणार, कारण ऑलिव्ह मुळात सावकाश चालतं, आणि काम पहाटे, ओटा तापायच्या आत उरकणार.