मोठी बँक, नागरिक बँक की शराफी मंडळी: बडोद्यात पैसे कुठे ठेवावेत

पाटीवर नुसतं ‘को-ऑप.’ लिहिलेलं असेल तर आत नागरिक बँक, म्हणजे शहरी सहकारी बँक, आहे की शराफी मंडळी, म्हणजे सहकारी पतसंस्था, हे रस्त्यावरून कळत नाही. काउंटर तसाच, पासबुक तसंच, भिंतीवर व्याजदराचा फळा तसाच. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या पट्ट्यात दोन्ही प्रकारची कार्यालयं आहेत आणि दोन्हींना आपली माणसं सरसकट ‘बँक’च म्हणतात. पुढे कधी पैसे अडकले की हा फरक कळतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

बँकिंग नियमन कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पतसंस्थेला किंवा मंडळीला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही. त्यामुळे पाटीवरचं पूर्ण नाव वाचायचं, बोलीतलं नाही. दुसरी खूण संकेतस्थळाच्या पत्त्याची. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, सहकारी बँकांनाही, ऑक्टोबर 2025 अखेर ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि हा पत्ता बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. तिसरी आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे ठेव विमा महामंडळाच्या, म्हणजे डीआयसीजीसीच्या, संकेतस्थळावरची विमा असलेल्या बँकांची यादी. त्यात नाव नसेल तर समोरचा कितीही ओळखीचा असो, ठेवीला विमा नाही.

चौथी खूण हातात धरून बघण्यासारखी आहे: चेक. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत आधी सहा आकडी चेक नंबर असतो आणि मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. बडोद्याच्या शाखेचा हा कोड 390 ने सुरू होतो. मंडळी देते ती बहुतेक वेळा पैसे काढायची स्लिप असते, ती दुसऱ्या बँकेत भरता येत नाही. आयएफएससी कोडही बघा. अकरा अक्षरांतली पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य. (बँक ऑफ बडोदाच्या कोडात हे शून्य सोडून ‘ओ’ टाइप करणारे बडोद्यातही रोज भेटतात, आणि मग पैसे का जात नाहीत म्हणून शाखेत विचारतात.) पहिली चार अक्षरं भलत्याच बँकेची निघाली, तर तुमची संस्था त्या मोठ्या बँकेच्या आधाराने एनईएफटी करते. छोट्या सहकारी बँकेच्या बाबतीत यात वावगं काही नाही. मात्र मंडळीने असा कोड दाखवून ‘आम्हीही बँकच’ म्हटलं, तर ते खरं नाही.

नावातल्या ‘बडोदा’वरही जाऊ नका. शहराचं नाव लावलेल्या सहकारी बँका आहेत, जिल्हा मध्यवर्ती बँक आहे, आणि बँक ऑफ बडोदाशी त्यांचा मालकीचा संबंध नाही. बडोदा गुजरात ग्रामीण बँक मात्र बँक ऑफ बडोदानेच पुरस्कृत केलेली होती. 1 मे 2025 पासून ती सौराष्ट्र ग्रामीण बँकेबरोबर मिळून गुजरात ग्रामीण बँक झाली आहे.

या शहराला दोन्ही वाटा जुन्या आहेत. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी इथे 1889 मध्ये निघाली. देशातला सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 चा, म्हणजे मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षं आधीची. सयाजीरावांनी बँक ऑफ बडोदा 1908 साली सुरू केली, 1969 मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 2019 मध्ये विजया व देना या बँका तिच्यात आल्या. अन्योन्यची पुढे बँक झाली, पण ती बँक आज उरलेली नाही. आपल्या लोकांना सहकाराचा अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. ठेवीची पावती फाडताना मात्र तो बाजूला ठेवावा.

आता पाच लाखांचं गणित. 4 फेब्रुवारी 2020 पासून ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाख रुपये आहे. त्याआधी 1993 पासून ती 1 लाखच होती. या 5 लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या एकट्याच्या नावाची बचत, मुदत ठेव, आवर्ती ठेव, सगळ्यांची बेरीज होते. रावपुऱ्यात तीन लाख आणि मकरपुऱ्यात तीन लाख ठेवले तर बँक एकच, विमा एकच.

लोक चुकतात ते व्याजात. सहकारी बँकेत 4 लाख तीन वर्षांसाठी 8 टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ठेवले तर मुदत संपताना 5,07,297 रुपये होतात, म्हणजे विम्याच्या रेघेच्या वर. तेच साडेसात टक्क्यांनी ठेवले तर 4,99,900 च्या जवळपास येतात. काठावर बसतात, पण बचत खात्यात दहा हजार पडून असले तर तेही बाहेर गेले. म्हणून तीन वर्षांच्या ठेवीला एका सहकारी बँकेत एका नावावर साडेतीन लाखांच्या वर जाऊ नये, असं माझं मत आहे. जास्त ठेवायचेच असतील तर नावं बदला. पती एकटे, पत्नी एकट्या, पती-पत्नी संयुक्त, आणि पत्नीचं नाव आधी घेऊन पत्नी-पती संयुक्त, असे चार वेगळे हक्क धरले जातात आणि प्रत्येकाला स्वतंत्र 5 लाख मिळतात. नावांचा क्रम पावतीवर नीट छापून घ्या. त्याच बँकेचं कर्ज तुमच्या डोक्यावर असेल तर विम्याची रक्कम देताना ते वळतं होऊ शकतं, आणि बँकेच्या शेअर्सना विमा मुळीच नसतो.

एक टक्का जास्त व्याज म्हणजे किती, हेही मोजून बघावं. चार लाखांवर वर्षाला 4,000 रुपये, म्हणजे महिन्याला 333. विम्याच्या रेघेखाली हे 333 खुशाल घ्या. रेघेच्या वर, त्याच पैशासाठी पूर्ण मुद्दल टांगणीला लागतं.

बँक अडचणीत आली की रिझर्व्ह बँक तिच्यावर निर्बंध घालते आणि पैसे काढण्यावर मर्यादा येते. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, बँकेत ती सुरुवातीला 1,000 रुपये होती, पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. 2021 च्या दुरुस्तीनंतर असे निर्बंध लागले की विम्याचे पैसे 90 दिवसांत देण्याची तरतूद झाली: पहिल्या 45 दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, पुढच्या 30 दिवसांत तपासणी, शेवटच्या 15 दिवसांत रक्कम. ती मिळवायला ठेवीदाराचं संमतीपत्र, ओळखीचे कागद आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील लागतो. दुसरं खातंच नसेल, तर त्याच गडबडीत उघडत बसावं लागतं. आणि 90 दिवस म्हणजे तीन हप्ते. घरकर्जाचा ईएमआय, विम्याचा हप्ता, मुलांच्या फीचा चेक त्याच खात्यातून जात असतील तर तिन्ही परत येतात, दंड तुमच्या माथी आणि सिबिलवर डाग वेगळा. पगार किंवा पेन्शन, ईएमआय आणि रोजचा यूपीआय मोठ्या बँकेत ठेवायचा तो या कारणासाठी. तिथे सेवा गोड असते म्हणून नाही.

सेवेबद्दल मोठ्या बँकेचं कौतुक करण्यासारखं फार नाहीच. मॅनेजर बदलून जातो, तुमची ओळखही त्याच्याबरोबर जाते. कर्जाचा निर्णय शाखेत होत नाही. आणि कर्जाबरोबर, लॉकरबरोबर विमा पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतो. ती सक्तीची नसते. ‘सक्तीची आहे असं लेखी द्या’ म्हटलं की विषय बहुधा तिथेच मिटतो.

कर्जाच्या बाबतीत पारडं नागरिक बँकेकडे झुकतं. मंगळबाजारातल्या दुकानाला कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं धंद्याचं कर्ज, हवं असेल, किंवा जुन्या शहरातल्या वाड्याचा एक भाग तारण द्यायचा असेल, तर मोठ्या बँकेचा वकील प्रॉपर्टी कार्डावरची चार भावंडांची नावं बघून फाइल मिटवतो. गावातली बँक त्या भावंडांच्या संमतीचे कागद कसे करायचे ते सांगते, कारण असे दहा वाडे तिने पाहिलेले असतात. पण तीन गोष्टी आधी विचारा.

पहिली शेअर्सची. सहकारी बँकेत कर्जदार सभासद व्हावा लागतो. तारणी कर्जावर अडीच टक्के आणि बिनतारणी कर्जावर 5 टक्के शेअर्स कापून घेण्याची पद्धत आहे, भांडवल भक्कम असलेल्या बँकांना यातून सूट असते. 10 लाखांच्या तारणी कर्जात 25,000 शेअर्सना गेले तर हातात पावणेदहा येतात आणि व्याज मात्र दहावर चालतं.

दुसरी व्याजदराची. व्यापारी बँकांची तरत्या दराची नवी घरकर्जं ऑक्टोबर 2019 पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर) बाहेरच्या दराशी जोडलेली आहेत. नागरिक बँकांना ते बंधन नाही. रेपो खाली आला तरी तुमचा दर संचालक मंडळ बदलेल तेव्हाच बदलणार. वीस वर्षांच्या घरकर्जाला म्हणूनच मी नागरिक बँक सुचवत नाही, पाच वर्षांच्या धंद्याच्या कर्जाला सुचवतो.

तिसरी गोष्ट ‘फ्लॅट’ दराची, आणि ती मंडळ्यांत जास्त आढळते. 1 लाख रुपये दोन वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 24,000 आणि हप्ता 5,167 रुपयांचा. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण लाखावर लावलं, तर घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बँकांना, सहकारी बँकांनाही, 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाबरोबर सगळा खर्च धरलेल्या वार्षिक दराचं तथ्यपत्रक द्यावं लागतं. शराफी मंडळीला रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही, तिथे कागद-पेन्सिल आपली.

मंडळीत पैसे ठेवूच नयेत का? कारखान्याची किंवा खात्याची नोकरदारांची सोसायटी असेल, हप्ता पगारातून कापला जात असेल आणि सभासद एकमेकांना ओळखत असतील, तर महिन्याची कपात तिथे असायला हरकत नाही. अडीअडचणीचं कर्ज तिथे सगळ्यांत लवकर मिळतं. फक्त जामीन राहताना लक्षात ठेवा: कर्जदाराने नोकरी सोडली की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते. बाजारातल्या खुल्या मंडळीत मुदत ठेव मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. सभासद नसलेल्यांकडून, किंवा नाममात्र सभासद करून, ठेवी घेऊ नयेत हे रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे बजावलेलं आहे. शंभर रुपयांची पावती फाडून ‘तुम्ही आता सभासद’ म्हणणारा काउंटर दिसला की उठावं. ‘मल्टिस्टेट’, म्हणजे अनेक राज्यांत चालणारी संस्था, हा शब्दही तारक नाही. सहारा समूहाच्या चार संस्था मल्टिस्टेटच होत्या, आणि जुलै 2023 मध्ये परताव्याचं पोर्टल सुरू झालं तेव्हा ठेवीदाराला पहिल्या टप्प्यात 10,000 रुपयांपर्यंतच मिळत होते. तक्रारीची दारंही वेगवेगळी आहेत. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. राज्यातल्या मंडळीसाठी जिल्हा रजिस्ट्रार, मल्टिस्टेटसाठी दिल्लीचा केंद्रीय निबंधक.

सहकारी बँक निवडायचीच तर तिचा वार्षिक अहवाल मागा. बडोद्यात तो बहुधा गुजरातीत असतो, तेवढ्याने अडू नका: थापण म्हणजे ठेव, धिराण म्हणजे कर्ज आणि मुद्दतवीती म्हणजे थकबाकी. नक्त एनपीए, म्हणजे तरतूद वजा केल्यावर उरलेल्या बुडीत कर्जांचं प्रमाण, 3 टक्क्यांच्या आत हवा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे सीआरएआर (जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल), किती ते बघा. 100 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँकेला किमान 9 टक्के, त्याहून मोठीला 12 टक्के लागतं. किमानापेक्षा दोन-तीन टक्के वर असलेली बँक बरी. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘ए’ आहे की नाही, आणि गेल्या चार वर्षांत नफा सलग आहे का, हेही त्यातच मिळतं. अहवाल द्यायला खळखळ केली तर दुसरी बँक शोधा.

शेवटी पावती. मोठ्या बँकांत ठेव आपोआप नूतनीकृत होते, छोट्या बँकांत कागदी पावती असेल तर बरेचदा होत नाही. मुदत उलटून गेलेल्या, दावा न केलेल्या ठेवीवर बचत खात्याचा दर किंवा पावतीवरचा दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. नॉमिनीचं नाव त्याच वेळी भरा, नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नावंही देता येतात. आणि मुदतीची तारीख कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढच्या वर्षीची असेल तर डिसेंबरच्या पानामागे.