आईचं क्रिएटिनिन ८०

उन्हाळा आला की पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या मराठी घरांत कुणाचे ना कुणाचे आईवडील येतातच. सोबत गोळ्यांचे डबे आणि जुन्या रिपोर्टांची जाडजूड फाइल. इथल्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की सगळे धास्तावतात ते आजारांच्या लांबलचक जर्मन नावांना. माझ्या मते नावांचं फार अडत नाही, ती फोनवर सापडतात. घोळ होतो तो आकड्यांत आणि आजाराच्या कोडपुढच्या एका अक्षरात.

यंदा आईचं रक्त इथे तपासावं लागलं. रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच साताऱ्याहून भावाचा फोन. "ताई, क्रिएटिनिन ८०? आणि तू तिला घरी बसवून ठेवलंयस?" किडन्यांची तब्येत सांगणारा हा आकडा आपल्याकडे एकच्या आसपास असतो, तेव्हा तो हादरला यात नवल नाही. पण इथल्या लॅबमध्ये तो मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देतात. साधारण ८८ ने भागलं की आपला मिलिग्रॅमचा हिशेब येतो, म्हणजे ०.९. आईच्या किडन्या ठणठणीत. त्याच कागदावर बाबांना साखर दिसली, ७.२. "बघ, इथल्या हवेने हिची शुगर पार उतरली!" ती मिलिमोलमध्ये होती. १८ ने गुणून दाखवल्यावर मिलिग्रॅममध्ये १३० निघाली, तीही उपाशीपोटीची. त्या संध्याकाळचा केक रद्द झाला.

म्युनिकच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला पटेना, कारण तिच्याकडे साखर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्येच येते. पूर्व जर्मनीत मिलिमोल रुजलं, पश्चिमेत मिलिग्रॅम राहिलं. १९९० मध्ये देश एक झाला, पण ग्लुकोमीटरमधली सीमा अजून शाबूत आहे. इथे मशिन घ्यायचं असेल तर खोक्यावरचं एकक आधी बघा. तापाचंही तसंच. "शंभर आहे" म्हटलं तर इथल्या नर्सला काही बोध होत नाही. इथे सेल्सिअसमध्ये ३८ पासून पुढे ताप धरतात, म्हणजे आपला फॅरनहाइटमधला १००.४.

आता ते अक्षर. डॉक्टर आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड लिहितात. ई ११ म्हणजे टाइप दोनचा मधुमेह, आय १० म्हणजे वाढलेला रक्तदाब. दवाखान्यातल्या कागदांवर त्यापुढे जर्मन पद्धतीचं एक अक्षर असतं. जी असेल तर निदान पक्कं. व्ही म्हणजे नुसता संशय, ए म्हणजे तपासून बाद केलेला आजार, आणि झेड म्हणजे पूर्वी होऊन गेलेला. ओळखीतल्या एका मुलाच्या रजेच्या दाखल्यावर आय २० व्ही होतं. बायकोने आय २० शोधलं, अंजायना, म्हणजे हृदयाचं दुखणं निघालं, आणि पुण्यात सासरी रडारड. व्हीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पुढे ते स्नायूचं दुखणं ठरलं.

अवयवांची जर्मन नावं मात्र अगदी घरगुती. ड्युओडेनम म्हणजे 'बारा बोटांचं आतडं', थायरॉइड म्हणजे 'ढालीची ग्रंथी', आणि पाठीत उसण भरली तर 'चेटकिणीचा बाण' लागला म्हणायचं! मधुमेहाला इथले म्हातारे "मला साखर आहे" असंच म्हणतात, त्यामुळे आईचं आणि शेजारच्या आजींचं छान जमलं.

हॉस्पिटलचं पत्र मात्र लॅटिनने भरलेलं येतं. त्यासाठी २०११ मध्ये ड्रेस्डेनला सुरू झालेला 'वास हाब इश', म्हणजे 'मला काय झालंय', हा उपक्रम माहीत असावा. वैद्यकीचे विद्यार्थी आणि डॉक्टर रिपोर्ट साध्या जर्मनमध्ये फुकट समजावून लिहितात. पाठवण्याआधी नाव आणि पत्ता झाका, आणि उत्तराची घाई असेल तर सरळ आपल्या फॅमिली डॉक्टरलाच विचारा.