सात वर्षे मदरबोर्डवर पडून राहिलेला विंडोजचा परवाना

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

सेलूला बहिणीकडे जाऊन संध्याकाळी परभणीला परतलो, तेव्हा फराळाच्या डब्यासोबत भाच्याचा लॅपटॉपही पिशवीत होता. यंत्र २०१८ सालचे आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-८२५०यू, रॅम ४ जीबी आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. भाच्याने यंदा नांदेडला अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत घरचे सोयाबीन हातचे गेल्यामुळे नवा लॅपटॉप घेण्याचा विषय यंदा कोणी काढलेलाही नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नेहमीची सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबरला संपला, त्यामुळे हे यंत्र आणखी तीन-चार वर्षे सुरक्षितपणे चालवायचे असेल तर विंडोज ११ वर नेणे आवश्यक आहे. आठव्या पिढीचा हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहे. सातव्या पिढीचा असता तर एक-दोन अपवाद सोडता ही वाट बंद होती आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी करून एक वर्ष पुढे ढकलणे एवढेच हाती उरले असते.

२५ ऑक्टोबर

आधी हार्डवेअर. ८ जीबीची एक रॅम पट्टी जोडली, हार्ड डिस्क काढून ५१२ जीबीची एसएसडी बसवली आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवून घेतली. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे आणि काम पूर्ण होईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. पाठीचे झाकण उघडताना मुख्य बॅटरीची जोडणी काढून ठेवली होती. या गोष्टीचा संबंध पुढे येणार आहे.

यंत्र सुरू करून मायक्रोसॉफ्टचे पात्रता तपासण्याचे साधन चालवले, तर उत्तर नकारार्थी आले. प्रोसेसरबद्दल तक्रार नव्हती, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग) सापडत नाही आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय नाही, असे दोन आक्षेप होते. दोन्हींचे मूळ एकच निघाले. २०२१ मध्ये यंत्र मंद झाले म्हणून ते एका दुकानात दिले होते, आणि तिथे विंडोज नव्याने टाकताना बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, जुन्या लेगसी पद्धतीवर ठेवून डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची केली होती. लेगसी पद्धतीत सिक्युअर बूट चालत नाही. टीपीएमचे म्हणाल तर या प्रोसेसरांमध्ये ते पीटीटी या नावाने फर्मवेअरमध्येच (यंत्रात कायमच्या बसवलेल्या प्रोग्राममध्ये) असते. वेगळी चिप लागत नाही. बायॉसमध्ये ते केवळ बंद होते, सुरू केले आणि पहिला आक्षेप मिटला.

२६ ऑक्टोबर

सिक्युअर बूटला लेगसीऐवजी यूईएफआय ही नवी पद्धत लागते आणि तिला डिस्कची जीपीटी ही नवी मांडणी. एमबीआरचे जीपीटी करण्यासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे आणि ते डिस्कवरील माहिती न पुसता काम करते. अट अशी, की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्राथमिक विभाग नसावेत आणि लॉजिकल विभाग तर मुळीच नसावेत. आधी पडताळणीचा आदेश देऊन पाहिला, तो यशस्वी झाल्यावरच रूपांतर केले. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी रूपांतर करायचे आणि मग बायॉसमध्ये जाऊन लेगसीऐवजी यूईएफआय निवडायचे. हे उलटे केले तर यंत्र सुरूच होत नाही आणि डिस्क गेली की काय, अशी नाहक भीती बसते. आमच्याकडे दुपारी वीज जाते म्हणून हे काम सकाळी सातला, बॅटरी पूर्ण भरलेली असताना केले. रूपांतर चालू असताना यंत्र बंद पडणे परवडणारे नाही.

अपग्रेड करण्यापूर्वी डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसच्या, सेटिंगमध्ये सहज पाहिले, तर अपवादांच्या (तपासायचे नाही अशा) यादीत एक फोल्डर घातलेले दिसले. घरगुती यंत्रावर अशा अपवादाचे काही प्रयोजन नसते, म्हणून तो काढून पूर्ण तपासणी केली. डिफेंडरने लगेच एक फाइल पकडली, आणि नाव दाखवले हॅकटूल, ऑटोकेएमएस. फाइल काढून टाकली आणि अपग्रेड सुरू केले.

माझी चूक इथे झाली, आणि ती सविस्तर लिहितो, कारण हे काम करणाऱ्या कोणाचीही ती होऊ शकते. सकाळीच मी ॲक्टिव्हेशनचे (विंडोजचा परवाना मान्य झाला की नाही ते दाखवणारे) पान उघडले होते. त्यावर विंडोज ॲक्टिव्हेट झाले आहे असे लिहिलेले होते, आणि मी तेवढे वाचून पान मिटले. पूर्ण वाक्य असे होते की, विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने ॲक्टिव्हेट झाले आहे. शेतकऱ्याच्या घरातील लॅपटॉपला संस्था कुठून आली, हा प्रश्न त्याच क्षणी पडायला हवा होता.

अपग्रेड दोन तासांत विनातक्रार पार पडले. विंडोज ११ प्रो (व्यावसायिक आवृत्ती) सुरू झाले, जुन्या फाइली जागेवर होत्या, वेगही चांगला होता. सायंकाळी मात्र उजव्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करा असे सांगणारी फिकट अक्षरे उमटली, आणि सेटिंगमध्ये संदेश आला की तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नाही. फोटो काढून भाच्याला पाठवला, तेव्हा त्याचा लगेच फोन आला. "मामा, हे कोणती संस्था म्हणायलंय? आपली तर कोणतीच नाही." दुकानात दिले तेव्हा काय सांगितले होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कायमचं ॲक्टिव्ह करून दिलंय म्हणाले होते. सातशे रुपये घेतले की."

१ नोव्हेंबर

आठवडाभर वेळ मिळाला नाही, आज सकाळ पूर्ण याच कामाला दिली. कमांड प्रॉम्प्ट (आदेश टंकण्याची खिडकी) प्रशासक म्हणून उघडून एसएलएमजीआर हा परवाना तपासण्याचा आदेश डीएलआय या पर्यायासह दिला, की परवान्याचा प्रकार एका छोट्या खिडकीत दिसतो. तेथे व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट असे स्पष्ट लिहिलेले होते. केएमएस ही पद्धत मोठ्या संस्थांसाठी आहे. संस्था स्वतःच्या जाळ्यात एक सर्व्हर ठेवते, किमान २५ संगणक त्याच्याकडे विचारणा करू लागल्यावरच तो ॲक्टिव्हेशन देऊ लागतो, आणि दिलेले ॲक्टिव्हेशन १८० दिवसच टिकते. त्या अवधीत संगणक दर सात दिवसांनी सर्व्हरला गाठून मुदत वाढवून घेण्याचा प्रयत्न करीत राहतो. दुकानदाराने टाकलेले ते ऑटोकेएमएस साधन लॅपटॉपच्या आतच खोटा सर्व्हर उभा करून विंडोजची समजूत घालत होते, आणि मी ते काढून टाकल्यावर अर्थातच उत्तर द्यायला कोणी उरले नाही. ते पुन्हा टाकण्याचा प्रश्नच नव्हता. प्रशासकाच्या अधिकाराने चालणारा, कुठून आला ते ठाऊक नसलेला आणि डिफेंडरला गप्प बसवून ठेवणारा प्रोग्राम ज्या यंत्रावर आहे, त्यावर बहिणीच्या घरचे बँकेचे व्यवहार होत होते, हे लक्षात आल्यावर मला खरोखर अस्वस्थ वाटले.

आता खरा प्रश्न असा होता, की २०१८ मध्ये विकत घेताना या यंत्रावर काय होते? बहिणीने बिल जपून ठेवले होते, तिने त्याचा फोटो पाठवला. त्यावर विंडोज १० असा उल्लेख आहे, आवृत्ती लिहिलेली नाही. पण बिलावर अवलंबून राहण्याची गरज नव्हती. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपन्या परवान्याची किल्ली कागदी चिकटपट्टीवर छापण्याऐवजी मदरबोर्डच्या (यंत्रातील मुख्य सर्किट पाटीच्या) फर्मवेअरमध्ये एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहून ठेवतात. डिस्क बदलली, पुसली किंवा जळाली तरी ती किल्ली तिथेच राहते. पॉवरशेल या आदेशांच्या दुसऱ्या खिडकीतून सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस या घटकाकडे मूळ किल्ली मागितली, तर पंचवीस अक्षरे समोर आली. त्याच ठिकाणी किल्लीचे वर्णनही मागता येते आणि बहुतेक जण ते मागत नाहीत, पण या प्रकरणाचा उलगडा त्या वर्णनातच झाला. तेथे कोअर सिंगल लँग्वेज, ओईएम डीएम (यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घातलेली किल्ली) असे शब्द होते. होम आवृत्तीचे मायक्रोसॉफ्टच्या घरातले नाव कोअर आहे. म्हणजे या लॅपटॉपसोबत होम सिंगल लँग्वेजचा खरा, पैसे मोजून घेतलेला परवाना आला होता, तो सात वर्षे मदरबोर्डवर तसाच पडून होता, आणि त्याच्या डोक्यावर सातशे रुपये घेऊन खोटा प्रो बसवलेला होता. ज्यांच्याकडे खरा परवाना आहे त्यांच्याकडूनच खोट्याचे पैसे घेतले जातात, आणि आपल्याकडील गावोगावच्या लॅपटॉपांत हे घडलेले मी आता तिसऱ्यांदा पाहतो आहे.

ती किल्ली चालू प्रोमध्ये घालून पाहिली. नाकारली गेली. एसएलएमजीआरने कोड दाखवला, त्याच्या शेवटी एफ०६९ होते आणि प्रॉडक्ट एसकेयू सापडत नाही असा मजकूर होता. किल्ली चुकीची आहे असा याचा अर्थ नाही. बसवलेली आवृत्ती आणि किल्लीची आवृत्ती वेगळी आहे, एवढाच आहे. होमवरून प्रोवर किल्ली बदलून जाता येते, पण प्रोवरून होमवर सगळे जागेवर ठेवून उतरता येत नाही. त्यासाठी नव्याने स्थापना करावी लागते. म्हणजे गेल्या रविवारचे डिस्क रूपांतर आणि अपग्रेड दोन्ही वाया गेले. परवान्याचे वर्णन आधी वाचले असते तर ती सकाळ वाचली असती.

२ नोव्हेंबर

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर स्थापनेची प्रत तयार केली. भाच्याच्या फाइली वेगळ्या डिस्कवर घेतल्या, त्या उघडून पाहिल्या आणि मगच एसएसडीवरील सर्व विभाग पुसले. स्थापनेने किल्ली विचारली नाही, होम की प्रो हेही विचारले नाही. मदरबोर्डवरील तक्ता वाचून तिने आपणहून होम सिंगल लँग्वेज निवडले. ते पाहून फार समाधान वाटले.

भाषेबाबत एक सावधगिरी. या आवृत्तीत पडद्यावरची भाषा एकच ठेवता येते आणि मागाहून दुसरी जोडायला गेल्यास परवान्यात एकच भाषा आहे असा संदेश येतो. मराठी टंकलेखनाला याची काही आडकाठी नाही. इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक हे दोन्ही कीबोर्ड नेहमीप्रमाणे जोडता येतात, मी दोन्ही जोडून दिले आहेत.

सगळे झाले आणि फोनचा हॉटस्पॉट जोडला, तरी ॲक्टिव्हेशन होईना. अपडेट उतरत नव्हते, ब्राउझर प्रत्येक पानाबद्दल जोडणी सुरक्षित नसल्याचे सांगत होता. अर्धा तास जाळ्याशी झटापट केल्यावर खालच्या कोपऱ्यातील तारखेकडे लक्ष गेले. जानेवारी २०१८. सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे २०१८ च्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेली नव्हती, म्हणून यंत्र एकाही सर्व्हरवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. तारीख आणि भारतीय प्रमाणवेळ हाताने घातली, ट्रबलशूटर (अडचण शोधणारे विंडोजचे साधन) एकदा चालवला, आणि मिनिटभरात ॲक्टिव्हेशन झाले. रात्री यंत्र बंद करून मुख्य बॅटरी पुन्हा काढून पाहिली, तर तारीख पुन्हा २०१८ वर गेली. मदरबोर्डवरील सीमॉसचा (घड्याळ चालू ठेवणारा छोटा) सेल संपलेला आहे. मुख्य बॅटरी जोडलेली असेपर्यंत तिच्यावर घड्याळ चालत होते, म्हणून इतके दिवस हे कोणाच्या लक्षात आले नाही.

८ नोव्हेंबर

सेल आणला. सीआर२०३२, ३ व्होल्ट; पण या लॅपटॉपमध्ये तो खाचेत बसत नाही. काळ्या वेष्टनात गुंडाळलेला, दोन तारा आणि शेवटी इवलीशी दोन पिनांची जोडणी असलेला लागतो. नुसत्या सेलवर घरी डाग देऊन तारा लावण्याचा मोह टाळावा, उष्णतेने सेल फुटू शकतो. नवा बसवल्यावर मुख्य बॅटरी काढून रात्रभर ठेवली आणि सकाळी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळले.

नंतर भाच्याच्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी परवाना जोडला. ॲक्टिव्हेशनच्या पानावर आता तुमच्या खात्याशी जोडलेल्या डिजिटल परवान्याने ॲक्टिव्हेट झाले आहे, असे पूर्ण वाक्य येते, आणि या वेळी ते शेवटपर्यंत दोनदा वाचले. नव्या स्थापनेत खाते जोडल्यावर डिस्कचे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय माहिती वाचता न येण्याची सोय) आपोआप सुरू झालेले आढळले. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात साठवली जाते, तरीही ती वहीच्या कागदावर लिहून बहिणीकडे बिलासोबत ठेवायला दिली, कारण उद्या मदरबोर्ड दुरुस्तीला गेला आणि खात्याचा पासवर्डही आठवला नाही, तर फाइली परत मिळण्याचा दुसरा मार्ग नाही.

शेवटी एसएलएमजीआरला एक्सपीआर हा पर्याय देऊन मुदत विचारली. छोटी खिडकी उघडली आणि तीत लिहिलेले होते की हे यंत्र कायमस्वरूपी ॲक्टिव्हेट झालेले आहे.

दुपारच्या गाडीने भाचा सेलूहून नांदेडला निघाला होता. परभणी स्थानकावर गाडी थांबली तेवढ्यात लॅपटॉप त्याच्या हाती दिला. खिडकीतूनच तो म्हणाला, "मामा, खोलीवरल्या दोघांच्याबी लॅपटॉपवर तेच संस्थेचं लिहून यायलंय." दोघांनाही यंत्राला हात न लावता आधी मदरबोर्डवरील किल्लीचे वर्णन काढून पाठवायला सांगितले आहे. एकाचे रात्रीच आले. त्यातही कोअर सिंगल लँग्वेजच आहे.