डार्कटेबल ५.० वर बिऱ्हाड हलवलं, त्याची नोंद

डार्कटेबल म्हणजे रॉ फोटोंवर, कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींवर, काम करायचं सॉफ्टवेअर. लिनक्स मिंट २१ या संगणक प्रणालीवर ते नेहमीच्या वाटेने घेतलं की ३.८ मिळतं. मिंट २१ चा पाया उबंटू २२.०४, आणि त्याच्या सॉफ्टवेअर-भांडारात तीच आवृत्ती कायमची. माझं तिच्याशी काही भांडण नव्हतं. फिल्मिक (टोन मॅपिंगचं, म्हणजे उजेड-अंधाराचा पसारा स्क्रीनवर मावेल असा आवळणारं मॉड्यूल) हाताला बसलं होतं, प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग्ज) जमले होते आणि जुना लॅपटॉप रडतखडत का होईना काम ओढत होता. डार्कटेबलची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, जूनच्या आसपास आणि डिसेंबरच्या आसपास. दर खेपेला बदलांची यादी वाचायची आणि 'बघू पुढच्या वेळी' म्हणून सोडून द्यायची, असं चाललं होतं.

मला हलवलं ते निळ्या एलईडीने. कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम लागतो आणि देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. रंगमंचावर आता सगळीकडे रंगीत एलईडी आलेत. डोळ्यांना ते झगमगीत दिसतं, पण रॉ फाइल उघडली की चेहऱ्याचा रंग, शालूची घडी, मुकुटाचा काठ असं सगळंच एका सपाट निळ्यात बुडालेलं. ३.८ मध्ये फिल्मिकच्या रंग राखायच्या सगळ्या पद्धती फिरवून पाहिल्या. एकीने निळं आवरायचं, पण शेजारचा चेहरा राखाडी पडायचा. दुसरीने चेहरा सुधारायचा, तर निळं परत उसळायचं. दशावतारात काम करणारे शेजारचे काका एकदा ओटीवर फोटो बघायला आले आणि संकासुराच्या (दशावतारातल्या असुराच्या) फोटोवर थांबून म्हणाले, "संकासुराक नीळ घातलंस काय गो?"

त्यानंतर मात्र ५.० चं मनावर घेतलं. ही आवृत्ती डिसेंबर २०२४ ची. मधल्या काळात माझ्या कामाचं बरंच काही येऊन गेलं होतं: ४.२ मध्ये सिग्मॉइड (फिल्मिकच्याच कामाचं दुसरं मॉड्यूल) आणि हायलाइट, म्हणजे उजेडाने जळालेले भाग, सावरायची नवी पद्धत, ४.८ मध्ये एकेक रंग वेगळा हाताळणारं कलर इक्वलायझर. म्हणजे मी जे जे जुगाड करून भागवत होते, त्यातल्या निम्म्याला आता सरळ रस्ता होता.

मिंटमध्ये फ्लॅटहब, म्हणजे फ्लॅटपॅक स्वरूपातल्या सॉफ्टवेअरचं भांडार, आधीपासून जोडलेलं असतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाकलं की भांडारातलं जुनं आणि फ्लॅटपॅकचं नवं, अशी दोन्ही दिसतात. फ्लॅटपॅक निवडायचं. जुनं काढून टाकायची गरज नाही, दोन्ही एका मशीनवर सुखाने नांदतात. रनटाइमसकट (चालायला लागणाऱ्या जोड-फाइलींसकट) डाउनलोड मोठं होतं आणि आमच्या घरात रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते, तीही तिच्या मर्जीने. मग लॅपटॉप घेऊन सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) गेले आणि काजूच्या सावलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम उरकलं. कोकणात सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर बॅटरी आणि पाण्याची बाटली दोन्ही भरून निघावं.

पहिल्यांदा उघडलं की लाइटटेबल, म्हणजे सगळे फोटो मांडून दाखवणारा पडदा, रिकामं दिसेल. घाबरू नका, फोटो कुठे गेलेले नसतात. फ्लॅटपॅक आपला संसार वेगळ्या फोल्डरात मांडतं, एवढंच. जुन्या डार्कटेबलची माहिती होम फोल्डरातल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये असते, फ्लॅटपॅकची 'डॉट व्हार'च्या आत 'ॲप'मध्ये. नवं एकदा उघडून बंद केलं की तिथे फोल्डर तयार होतो. मग दोन्ही डार्कटेबल बंद ठेवून जुन्या जागेतल्या दोन फाइली तिथे कॉपी करायच्या: लायब्ररी डॉट डीबी, जिच्यात फोटोंची नोंद आणि केलेल्या बदलांचा इतिहास असतो, आणि डेटा डॉट डीबी, जिच्यात प्रीसेट, स्टाइल आणि टॅग असतात. प्रेफरन्सेसची फाइल मी मुद्दाम आणली नाही. जुन्या सवयींचा गाळ नव्या घरात कशाला?

आता उघडलं की विचारणा होते: डेटाबेसची रचना बदलावी लागेल, पुढे जाऊ का? 'हो' म्हटलं की तो डेटाबेस जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. आपण कॉपीवर काम करतोय म्हणून जुना शाबूत राहतो. सरळ जुन्यावरच नवी आवृत्ती चढवणाऱ्यांनी मात्र आधी त्या दोन फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी.

खरी मेख वेगळीच आहे. डेटाबेस दोन झाले तरी एक्सएमपी फाइली एकच असतात. प्रत्येक रॉच्या शेजारी बसलेल्या या छोट्या फाइलीत त्या फोटोवर केलेलं सगळं काम लिहिलेलं असतं आणि ती फोटोंच्याच फोल्डरात राहते. ५.० मध्ये एखाद्या फोटोला हात लावला की तिच्यात नव्या मॉड्यूलची भाषा जाते. तीच फाइल उद्या ३.८ ने वाचली, तर त्याला सिग्मॉइड म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्यामुळे दोन्ही आवृत्त्या ठेवायच्या असतील तर सरावासाठी फोटोंचा एक फोल्डर वेगळा कॉपी करा आणि ५.० चे सगळे प्रयोग तिथेच करा. मी यंदाच्या जत्रांचा एक फोल्डर तसा काढला.

जुन्या कामाचं म्हणाल तर ते जसंच्या तसं दिसतं. ३.८ मध्ये फिल्मिक ज्या पिढीचं होतं, त्याच पिढीच्या गणिताने जुना फोटो आजही उघडतो. मोडीत काढलेली मॉड्यूलंसुद्धा जुन्या फोटोंवर चालू राहतात, नव्या फोटोंना फक्त ती घेता येत नाहीत. म्हणून अपग्रेड झालं की जुने सगळे फोटो नव्याने करायला बसायचं, या भानगडीत पडू नये. ज्या फोटोचं जुनं रूप आपल्याला आधीपासून खटकत होतं, तेवढेच काढावेत.

तर पुन्हा संकासुराकडे. काळा पायघोळ, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. उजवीकडून निळा एलईडी, समोरून पांढरा हॅलोजन, आयएसओ ६४००. इथे व्हाइट बॅलन्सने निळं 'बरोबर' करायला जाणं फुकट आहे. रंगीत एलईडीच्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच, मग जे सेन्सरपर्यंत पोचलंच नाही ते स्लायडर कुठून आणणार? त्यामुळे कलर कॅलिब्रेशन (व्हाइट बॅलन्स जुळवायचं मॉड्यूल) मी हॅलोजनच्या बाजूच्या चेहऱ्यावर जुळवलं आणि निळ्याला निळंच राहू दिलं.

मग फोटोचा डुप्लिकेट काढून त्यावर फिल्मिक बंद, सिग्मॉइड चालू. (दोन्ही एकाच फोटोवर चालू ठेवू नका, टोन मॅपिंग दोनदा होतं.) पहिल्या फटक्यात निळं होतं तसंच राहिलं. मग त्याच्या प्रीसेटमधलं 'स्मूथ' निवडलं. ते मॉड्यूलच्या तळाशी असलेला प्रायमरीज विभाग वापरतं: अतिशुद्ध लाल, हिरवा, निळा हे टोन मॅपिंगच्या आधी थोडे आतल्या बाजूला ओढले जातात आणि नंतर हवी तेवढी शुद्धता परत दिली जाते. फरक शंभर टक्के आकाराने मोठा करून पाहिला. खांद्यावर जिथे नुसतं निळं ठिगळ होतं, तिथे कापडाच्या तीन घड्या निघाल्या. बुरख्याच्या कडेला निळ्याकडून काळ्याकडे जाणारा उतार आला, आधी तिथे कात्रीने कापल्यागत रेघ होती. निळ्याचं अटेन्युएशन (आत ओढायचं प्रमाण) मी हाताने अजून थोडं वाढवलं, कारण आमच्याकडचे एलईडी फारच कडक. लाल जीभ मात्र फिकी पडायला लागली, म्हणून लालचं होतं तिथेच ठेवलं. शेवटी डिनॉइज प्रोफाइल्ड. ते कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ बघून स्वतःच प्रोफाइल घेतं, मी फक्त जोर कमी केला. काळ्या कापडावर थोडा दाणा राहिलेला बरा, नाहीतर कापडाचं रबर होतं.

काकांना नवा फोटो दाखवला. निळ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. "जीभ वाकडी झाली हा, ता तेवा कित्याक नाय सांगलंस?" एवढंच.

सूर्यास्ताची गोष्ट उलटी निघाली. भोगव्याच्या किनाऱ्यावरून घेतलेला एक फोटो होता, समुद्रात निवतीचे खडक आणि सूर्य टेकायच्या बेतात. सिग्मॉइड लावलं तर सूर्याभोवतीचं वलय उकडलेल्या कोळंबीसारखं गुलाबी. कारण असं की सिग्मॉइड मूळचं रंगछटा राखतं, तिथला 'प्रिझर्व्ह ह्यू' स्लायडर शंभरावर असतो. नारिंगी उजळत जाताना तो नारिंगीच राहून पांढऱ्यात विरतो, म्हणून तो मांसल गुलाबी दिसतो. आपल्या डोळ्यांना मात्र फिल्मच्या आणि कॅमेऱ्याच्या जेपेगच्या काळापासून सवय वेगळी आहे: तिथे लाल आधी माथ्याला टेकतो, हिरवा मागून त्याला गाठतो आणि नारिंगीचा पिवळा होतो. स्लायडर शून्याकडे नेला आणि सूर्य पुन्हा सोनेरी झाला. खरं खोटं करत बसायचं नाही, संध्याकाळच्या फोटोला पिवळा हवाच. हा स्लायडर मी आता सूर्यास्ताला आणि होळीला खाली आणते, दशावताराला वरच ठेवते.

त्याच फोटोत सूर्याच्या तबकडीच्या कडेला जुन्या आवृत्तीत फिकट जांभळी किनार यायची. ४.२ पासून हायलाइट रिकन्स्ट्रक्शनमध्ये 'इनपेंट अपोज्ड' ही पद्धत आली, नव्या फोटोंना ती आपोआप लागते. जुन्या फोटोंवर हाताने बदलावी लागते. किनार गेली, पद्धत बदलण्यापलीकडे मला काहीच करावं लागलं नाही, त्यामुळे जास्त लिहिण्यासारखंही काही नाही.

जांभ्याच्या (तांबड्या कातळाच्या) फोटोंबाबत मात्र मी फिल्मिकवरच राहिले. रत्नागिरीजवळ उक्षीला कातळात कोरलेला हत्ती आहे, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथे सकाळचं तिरकं ऊन हेच सगळं असतं, रेघेची खोली जेमतेम, सावली पडली तर हत्ती दिसतो, नाहीतर नुसता कातळ. सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट इथे मला धसमुसळा वाटतो, कातळाचा तांबूस काळा एकदम विटकरी होतो. फिल्मिकमध्ये काळ्या आणि पांढऱ्याचं टोक वेगवेगळं धरता येतं, मग लोकल कॉन्ट्रास्ट हळूच आणि डिफ्यूज ऑर शार्पनचा एक हलका प्रीसेट. हे दुसरं मॉड्यूल माझ्या लॅपटॉपला झेपत नाही, ग्राफिक्स कार्डाची मदत नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो. म्हणून ते अगदी शेवटी चालू करते आणि एक्स्पोर्ट लावून चहा टाकायला जाते.

कलर इक्वलायझर जांभ्यालाच सगळ्यात उपयोगी पडलं. चिरेखाणीतल्या कामगारांच्या फोटोत माती, चिरा आणि अंगाचा रंग सगळे एकाच नारिंगी पट्ट्यात येतात. पूर्वी मातीचा लाल कमी केला की माणसं आजारी दिसायची. इथे लाल आणि नारिंगी यांचे बिंदू वेगळे आहेत, लालची चमक थोडी उतरवून नारिंगीला हात न लावता भागतं. संपृक्ततेपेक्षा ब्राइटनेसच्या टॅबवर जास्त काम होतं, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यातल्या सड्यावरचं ते पोपटी हिरवंही तिथेच आवरता येतं.

बाकी किरकोळ. ५.० मध्ये पाचशेहून जास्त कॅमेऱ्यांसाठी तयार स्टाइल आहेत, कॅमेऱ्याच्या जेपेगच्या जवळ जाणाऱ्या. त्या फक्त कॉन्ट्रास्ट, उजेड आणि संपृक्तता बदलतात. लग्न किंवा सत्यनारायणाचे फोटो पटकन द्यायचे असतील तर झकास, पण जत्रेच्या उजेडात त्या कामाच्या नाहीत. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेली हाय कॉन्ट्रास्ट थीम आली आहे, ओटीवर उजेडात बसून काम करणाऱ्याला तिचा फायदा होतो. रंग ठरवताना मात्र मी परत करड्या थीमवर येते. सुरू होताना काय चाललंय ते दाखवणारा पडदाही आला आहे, आणि बरेच फोटो एकदम निवडून काही केलं तर ते काम मागे चालू राहतं, स्क्रीन अडकून बसत नाही. फोटो निवडायच्या गाळण्या (फिल्टर) वरच्या पट्टीत गेल्यात. तिथे हात जायला वेळ लागला, पण तारीख आणि आयएसओ एकत्र लावून जत्रांचे फोटो वेगळे काढता येतात, ते बरंय.

सध्याची मांडणी अशी: प्रेफरन्सेसमध्ये आपोआप लागणारं टोन मॅपिंग सिग्मॉइड, आयएसओ १६०० च्या वर 'स्मूथ' आपोआप लागेल असा प्रीसेट, आणि कातळासाठी फिल्मिकची एक स्टाइल हाताने लावायची. पुढचं काम बांगड्याचं. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) पहाटे काढलेल्या मासळीची चंदेरी झाक फिल्मिक आणि सिग्मॉइड दोन्हीकडे अजून पांढरी फटक पडते, तिथे टोन इक्वलायझर मास्कसकट लावून बघणार आहे.