ग्रंथालय कंपनीकडे देताना करारात काय हवं

लंडनच्या क्रॉयडन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, २०१३ मध्ये आपली ग्रंथालयं जॉन लैंग समूहातल्या एका कंपनीला चालवायला दिली. त्याच वर्षी ती कंपनी कॅरिलियन या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. म्हणजे निविदा एकीने जिंकली आणि कारभार दुसरीकडे गेला. १५ जानेवारी २०१८ ला कॅरिलियन बुडाली आणि कौन्सिलला ग्रंथालयं पुन्हा स्वतःकडे घ्यावी लागली. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवेची जबाबदारी स्थानिक संस्थेवरच टाकली आहे; कंत्राट दिल्याने ती टळत नाही.

म्हणून कंपनीची मालकी बदलली तर करार रद्द करायचा हक्क आधीच लिहून घ्यावा.

खरी मेख पैशात आहे. कंपनीला सेवाशुल्क म्हणून वर्षाला ठरलेली रक्कम मिळते. इमारत आणि विजेचा खर्च फारसा कमी होत नाही, त्यामुळे कात्री लागते ती पगाराला आणि ग्रंथखरेदीला. खरेदीची रक्कम सेवाशुल्कात कधीच मिसळू नये आणि पुस्तकांची निवड पालिकेच्या ग्रंथपालानेच करावी. एवढा एक अधिकार कंपनीला देणं मला अजिबात मान्य नाही. पगाराच्या बाबतीत, शाखानिहाय किती पात्र ग्रंथपाल हवेत ते करारात लिहावं आणि पद महिनाभर रिकामं राहिलं तर तेवढी रक्कम बिलातून कापावी.

कामाचं मोजमाप नुसत्या येणाऱ्यांच्या संख्येवर ठेवलं तर कार्यक्रम भरवून आकडा फुगवता येतो, आणि कपाटातली पुस्तकं मात्र जुनी होत जातात. त्यापेक्षा देवघेव, वर्षभरात दाखल झालेली नवी पुस्तकं आणि मागणी नोंदवल्यापासून पुस्तक हाती पडेपर्यंतचे दिवस मागावेत.

पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं त्या दिवसापासून पालिकेच्या मालकीचं, हे वाक्य हवंच. नाहीतर कंपनी बुडाल्यावर ती पुस्तकं नेमकी कोणाची, यावर वाद उभा राहतो. तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकू नये म्हणून दर तिमाहीला ती मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित स्वरूपात घ्यावी आणि कोहासारख्या दुसऱ्या ग्रंथालय प्रणालीत प्रत्यक्ष चढवून पाहावी. फाइल मिळाली तरी बारकोड आणि प्रतींची माहिती गळालेली असू शकते. सभासदांच्या नोंदींचीही वेगळी प्रत घ्यावी.

आपल्याकडे एखाद्या पालिकेने असा करार केलाच, तर सभासदांची अनामत पालिकेच्याच स्वतंत्र खात्यात ठेवावी. कंपनीच्या खात्यात ती एक दिवसही जाऊ देऊ नये.