रॅचेटले बिट लावायचा तं होल्डर घेऊ की बिट सॉकेट?

कूलर काढायचे दिवस आले की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतेच, भाऊ रॅचेट (एकाच बाजूनं कसणारा पान्याचा दांडा) तं घेतलं, आता त्याला बिट (स्क्रू-बोल्टच्या डोक्यात बसणारा तुकडा) लावायला होल्डर घेऊ की ते बिट सॉकेट, अन् सोबत ऑनलाइन दिसलेल्या दोनशे पीसच्या सेटचा फोटो पाठवते. माझं उत्तर ठरलेलं आहे, सेट नको घेऊ. त्यातले निम्मे बिट जन्मात लागत नाहीत अन् जो रोज लागते तोच नेमका नरम निघते.

होल्डर की सॉकेट हे नंतर. आधी पाहायचं की बोल्ट किती जाम आहे, किती आत बसला आहे, अन् तिथं हात घालायला जागा किती आहे.

होल्डर म्हणजे एका बाजूनं रॅचेटचा चौकोन बसते, दुसऱ्या बाजूनं बिटसाठी सहा कोनी भोक. साध्या बिटची दांडी पाव इंची असते, म्हणजे ६.३५ मिमी, अन् लहान रॅचेटचा चौकोन पण पाव इंचीच (आपल्या मिस्त्रीच्या भाषेत दोन सूत), म्हणून दुकानात नुसतं "पाव इंची द्या" म्हटलं की घोळ होते, बिट अन् रॅचेट दोन्ही सोबत घेऊन जा अन् तिथंच लावून पाहा. कूलरचे पत्र्याचे स्क्रू, पंपाची क्लिप, गाडीचं प्लास्टिक पॅनल, असल्या कामाला होल्डर अन् २५ मिमीचे आखूड बिट एकदम मस्त, ड्रिल मशीनला लावायचे स्क्रूचे बिट पण चालतात, अन् तुटला तं तेवढा बिट फेकायचा, दुसरा लावायचा.

होल्डर घेताना आत डोकावून पाहा. नुसतं मॅग्नेट असलं तं लोखंडाचा चुरा तिथं जाऊन चिकटते, मग बिट पूर्ण आत बसत नाही, वाकडा फिरते. मॅग्नेट कमजोर असला तं अजून एक ताप, रॅचेट वर ओढलं की बिट बोल्टमध्येच राहून जाते, अन् बोल्ट खोल खड्ड्यात असला की मग बसा पोकर (टोकदार सळई) घेऊन. आत तारेची बारीक रिंग असलेला होल्डर मिळाला तं तोच घ्या.

आता जाम बोल्ट. बुलेट म्हणा की कुठलीही बाइक, इंजिनच्या कव्हरला अ‍ॅलन बोल्ट असतात (डोक्यात सहा कोनी भोक असते ते), बोल्ट स्टीलचा अन् कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं, पाण्या-ओलाव्यानं दोन्ही एकमेकाला धरून बसतात. तिथं पाव इंची होल्डर नका लावू. बिट, होल्डर, रॅचेट, तिन्ही ठिकाणी थोडं थोडं ढिलं असते अन् ते सगळं मिळून बोल्टच्या भोकात कोपरे खाते. इथं बिट सॉकेट पाहिजे, म्हणजे गोटीतच (सॉकेटमध्येच) बिट पक्का ठोकलेला असते तो प्रकार, तीन सूत ड्राइव्हचा, म्हणजे ३/८ इंची चौकोनाचा. बिट एस-टू (कडक टूल) स्टीलचा अन् गोटी क्रोम व्हॅनेडियमची, हे कॉम्बिनेशन चांगलं. काही गोट्यांत बिट बारक्या स्क्रूनं धरलेला असते, तो स्क्रू कामात ढिला होत राहते, मला नाही आवडत. ठोकलेल्या बिटमध्ये मागून आरपार भोक असलं तं तुटलेला तुकडा पंचनं बाहेर काढता येते, नवा बसवता येते, दुकानात गोटी उलटी करून एवढं पाहूनच घ्या.

पण बिट लावायच्या आधी बोल्टचं भोक साफ करा न भाऊ! त्यात माती अन् ऑइलचा गोळा बसलेला असते, बिट अर्धाच आत जाते अन् आपण जोर लावतो. पोकरनं ती घाण उकरायची, बिट सरळ उभा ठेवायचा, गोटीवर हातोडीनं हलकेच ठोका द्यायचा, आवाज बदलते, टणक वाजते, म्हणजे बिट तळाला टेकला. मगच रॅचेट लावायचं.

साइजचं म्हणाल तं सुटे घ्या, इतवारी-गांधीबागकडे हार्डवेअरवाल्याकडे विचारा. साध्या गोल उभ्या डोक्याच्या अ‍ॅलन बोल्टमध्ये एम-६ ला (म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टला) ५ मिमी, एम-८ ला ६, एम-१० ला ८, एवढ्यावर घरचं बरंचसं काम निघते. बसक्या घुमट डोक्याचा बोल्ट असला तं भोक एक नंबर लहान, एम-६ ला ४ अन् एम-८ ला ५, अन् हेच बोल्ट सगळ्यात लवकर गोल होतात. सोबत स्टारचे (सहा टोकांचे, त्यालाच टॉर्क्स म्हणतात) टी-२५ अन् टी-३०, सायकलची डिस्क टी-२५ नंच खुलते. इंची बिट मात्र वेगळ्या डब्यात ठेवा, ३/१६ इंची म्हणजे ४.७६ मिमी, तो ५ च्या भोकात मजेत जाते अन् सगळे कोपरे खाऊन बाहेर येते.

अर्धा इंची रॅचेटला पाव इंचीचं अ‍ॅडाप्टर लावून बारके बोल्ट कसणारे पण आहेत. एम-६ ला साधारण १० न्यूटन मीटर पुरते, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या दांड्यावर जेमतेम चार किलोचा जोर, तेवढा तं नुसता हात टेकवला तरी पडते अन् कव्हरमधले आटे गेले की मग वेल्डिंगवाला नाही तं हेलिकॉइल (नव्या आट्यासाठी बसवायची तारेची स्प्रिंग). बारक्याला बारकंच रॅचेट.

मोठं काम नेहमी असलं तं १० मिमी दांडीच्या बिटचा सेट येते, ३० अन् ७५ मिमी अशा दोन लांबीचे बिट, सोबत तीन सूत अन् अर्धा इंची होल्डर. होल्डर असूनही हा प्रकार दणकट, कारण दांडीच जाड. ७५ वाला खोल खड्ड्यातल्या बोल्टसाठी, पण लांब बिट पिळ खाते, जमेल तिथं ३० वालाच लावा. अन् फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनो, तुमच्या एक्सलच्या आतल्या बाजूचे बोल्ट वरून स्टारसारखे दिसतात पण त्यात बारा टोकं असतात, त्याला एक्सझेडएन म्हणतात, तिथं टॉर्क्स ठोकून बसवू नका, तो बिट वेगळा मागून घ्या.